मोटारसायकलवरची दुहेरी कोलांटी : ट्रॅव्हिस पास्त्रानाची कारकीर्द

रात्रीची वर्दळ ओसरली, की काशिमीऱ्याहून वर्सोवा पुलाकडे जाणाऱ्या महामार्गावर किंवा ठाण्याकडे वळणाऱ्या घोडबंदर रस्त्यावर एखादी मोटारसायकल पुढचे चाक उचलून सुसाट निघून जाते. शेजारच्या गाडीवरचा मित्र मोबाइलवर तिचे चित्रण करीत असतो. मीरा-भाईंदरच्या रहिवाशांना हे दृश्य नवे नाही. मुंबईच्या उपनगरांत आणि राज्यातील बहुतेक मोठ्या शहरांतही ते अधूनमधून दिसते. या हौसेमागे बऱ्याचदा परदेशी मोटारसायकलपटूंच्या चित्रफिती असतात आणि त्यांत एक नाव वारंवार येते, ते म्हणजे ट्रॅव्हिस पास्त्राना. मोटारसायकलसह हवेत एकापाठोपाठ दोन उलट्या कोलांट्या घेऊन स्पर्धा जिंकणारा हा पहिला खेळाडू. ती कोलांटी पाहायला दोन-अडीच सेकंद पुरतात. तिच्यामागची तयारी आणि तिची शरीराने चुकविलेली किंमत समजून घेण्यासाठी मात्र त्याची सारी कारकीर्द पाहावी लागते.

शर्यत आणि कसरत

पास्त्रानाने दोन वेगळ्या खेळांत नाव मिळविले. त्यांतील पहिला मोटोक्रॉस. ही मातीच्या, चढउतारांच्या आणि वळणावळणांच्या बंदिस्त मार्गावरची शर्यत असते. तिचे मूळ ब्रिटनमधील ‘स्क्रॅम्बल’ नावाच्या स्पर्धांत आहे. सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथे २९ मार्च १९२४ रोजी झालेली स्पर्धा ही या प्रकारातील आद्य शर्यत मानली जाते. पुढे अमेरिकेत हाच खेळ उघड्या माळावरून क्रीडागारात आला. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानात मातीचे उंचवटे रचून शर्यत भरविण्यात आली आणि तेथून ‘सुपरक्रॉस’ हा प्रकार रूढ झाला.

दुसरा खेळ फ्रीस्टाइल मोटोक्रॉस. यात कोणी कोणाच्या पुढे जायचे नसते. रॅम्पवरून मोटारसायकल हवेत झेपावते आणि ती जमिनीवर उतरेपर्यंतच्या अल्पावधीत चालकाने कसरत दाखवायची असते. कधी दोन्ही पाय मागे फेकून केवळ हँडलला धरून आडवे व्हायचे, कधी हँडलही सोडून द्यायचे, तर कधी गाडीसह पूर्ण गिरकी घ्यायची. पंच अवघडपणा, सफाई आणि नावीन्य पाहून गुण देतात. या खेळाचा जन्मही शर्यतीतूनच झाला. १९९०च्या दशकात सुपरक्रॉसचा विजेता जेरेमी मॅकग्रा उंचवट्यावरून उडताना एक पाय गाडीवरून पलीकडे नेऊन पुन्हा जागेवर आणीत असे. या लकबीला ‘नॅक-नॅक’ असे नाव पडले. शर्यत जिंकण्यासाठी तिचा काही उपयोग नव्हता, पण प्रेक्षकांना ती विलक्षण आवडली. दशक संपता संपता केवळ अशा कसरतींच्याच स्पर्धा भरू लागल्या.

वरवर पाहता हे दोन्ही खेळ सख्खे भाऊ वाटतात. गाडी तीच, हेल्मेट तेच, मातीही तीच. परंतु त्यांची शिकवण परस्परविरोधी आहे. अमेरिकी राष्ट्रीय मोटोक्रॉस मालिकेत पहिल्या क्रमांकाला २५, दुसऱ्याला २२ आणि तिसऱ्याला २० गुण मिळत. हंगामभर रोज तिसरा येणारा खेळाडूही विजेतेपदाच्या जवळ जातो. एकदा पहिला येऊन दुसऱ्यांदा रुग्णालयात जाणारा मात्र मागे पडतो. तेथे शहाणपण हे, की गाडी शाबूत ठेवून शर्यत पूर्ण करावी. फ्रीस्टाइलमध्ये उलट आहे. तेथे गेल्या वर्षीची कसरत यंदा जुनी होते. जे कोणी केलेले नाही ते करून दाखविणाऱ्यालाच वरचे गुण मिळतात. पास्त्रानाने या दोन्ही खेळांत विजेतेपदे मिळविली आणि या दोहोंमधील ओढाताणही त्यालाच सर्वाधिक सोसावी लागली.

पंधराव्या वर्षी सुवर्ण

ट्रॅव्हिस पास्त्रानाचा जन्म ८ ऑक्टोबर १९८३ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात अ‍ॅनापोलिस येथे झाला. वडिलांचे घराणे मूळचे पोर्तो रिकोचे. खेळ घरात होताच, कारण काका अ‍ॅलन पास्त्राना हे अमेरिकी फुटबॉलमधील व्यावसायिक खेळाडू होते. ट्रॅव्हिसने लहान वयातच मोटारसायकल हाती घेतली आणि शाळकरी वयाच्या मुलांच्या शर्यतींत तो चमकू लागला.

चौदा-पंधरा वर्षांचा असताना एका फ्रीस्टाइल स्पर्धेत त्याची उडी तोकडी पडली. गाडी उताराच्या अलीकडेच आदळली आणि त्या आघाताने त्याचा पाठीचा कणा कमरेच्या हाडापासून निखळला. अशा दुखापतीतून माणूस वाचणे हेच दुर्मीळ. तो वाचला, काही काळ चाकांच्या खुर्चीत राहिला आणि बरा होताच पुन्हा मोटारसायकलवर बसला. त्याच्या पुढच्या साऱ्या यशाची सुरुवात या अपघातानंतरची आहे.

१९९९ साली ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या एक्स गेम्स या साहसी खेळांच्या महोत्सवात फ्रीस्टाइल मोटोक्रॉसचा प्रथमच समावेश झाला. ही स्पर्धा सॅन फ्रान्सिस्कोमध्ये समुद्राकाठच्या धक्क्यावर भरली होती. पंधरा वर्षांच्या पास्त्रानाने शंभरपैकी ९९ गुण मिळवून सुवर्णपदक पटकावले. फेरी संपल्यावर त्याने मोटारसायकलसह थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात उडी घेतली. प्रेक्षक खूश झाले. संयोजक मात्र नाराज झाले. कारकिर्दीच्या आरंभीच त्याची प्रतिमा ठरून गेली. कौशल्याबद्दल कोणालाच शंका नव्हती, पण मर्यादा कोठे आहे हे या मुलाला कळते की नाही, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या मागे लागला.

शर्यतपटू म्हणून

पास्त्रानाला केवळ कसरतपटू समजणे चुकीचे ठरेल. २००० साली सुझुकी संघाकडून खेळताना त्याने १२५ सीसी गटातील अमेरिकी राष्ट्रीय मोटोक्रॉस विजेतेपद जिंकले. त्या वेळी तो अवघा सोळा वर्षांचा होता. या मालिकेतील प्रत्येक दिवशी दोन शर्यती होत आणि प्रत्येक शर्यत तीस मिनिटे अधिक दोन फेऱ्यांची असे. ऐन उन्हाळ्यात, धुळीत आणि चिखलात सुमारे तासभर गाडीवर उभे राहून झगडायचे, हे काम निव्वळ धाडसाने होत नाही. त्याला दम, शिस्त आणि संयम लागतो.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये झालेल्या ‘मोटोक्रॉस दे नेशन्स’ या राष्ट्राराष्ट्रांमधील स्पर्धेत रिकी कारमायकल आणि रायन ह्यूज यांच्यासह तो अमेरिकेकडून उतरला आणि अमेरिकी संघाने अजिंक्यपद मिळविले. मोटोक्रॉसमध्ये या स्पर्धेचा मान मोठा आहे. २००१ मध्ये त्याने १२५ सीसी गटाच्या पूर्व विभागाचे सुपरक्रॉस विजेतेपदही मिळविले.

इथवरची वाटचाल पाहता तो पुढील दशकातील आघाडीचा शर्यतपटू होईल, असा अनेकांचा कयास होता. तसे घडले नाही. त्यानंतरच्या हंगामांत अपघात, हाडे मोडणे आणि डोक्याला वारंवार बसणारा मार यांनी त्याला शर्यतींतून पुन्हा पुन्हा बाहेर काढले. त्याच्या वेगात खोट नव्हती. पण जेथे दुसरा क्रमांक पत्करणे शहाणपणाचे होते, तेथेही तो पहिल्याच क्रमांकासाठी गाडी झोकून देत असे. फ्रीस्टाइलमध्ये ज्या वृत्तीने पदके दिली, तीच शर्यतीत अडचणीची ठरली. काही वर्षांतच त्याची पूर्णवेळ मोटोक्रॉस कारकीर्द आटोपली. वयाच्या विशीत ज्याचा बहर यायचा ती कारकीर्द विशीच्या उंबरठ्यावरच ओसरली. कसरतींच्या चित्रफितींत हा हिशेब कोठेच दिसत नाही.

हवेतील गाडी कशी वळते?

एकदा चाके जमिनीवरून सुटली, की गाडी नियंत्रणाबाहेर गेली असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात हवेतही चालकाच्या हाती दोन साधने उरतात. मागचे चाक वेगाने फिरत असते. चालकाने थ्रॉटल पिळून त्याचा वेग आणखी वाढविला, की प्रतिक्रिया म्हणून उरलेली गाडी विरुद्ध दिशेला फिरू पाहते आणि तिचे तोंड वर उचलले जाते. मागचा ब्रेक दाबून चाक थांबविले, की त्या चाकाचे फिरणे गाडीत उतरते आणि तोंड खाली झुकते. मोटोक्रॉसचा प्रत्येक खेळाडू या दोन युक्त्या वापरूनच उडीनंतर गाडी सरळ करतो.

उलट्या कोलांटीसाठी एवढे पुरत नाही. तेथे रॅम्पची वक्रता मुख्य काम करते. वर चढताना अधिकाधिक उभा होत जाणारा रॅम्प गाडीला सुटतानाच मागे फिरण्याची गती देतो. त्याच क्षणी चालक अंग मागे टाकून हँडल आपल्याकडे ओढतो. फ्रीस्टाइलमध्ये साधारणतः ७५ फुटांच्या अंतरावर उतरण्याचा ढिगारा असतो. तोही सपाट नसतो, त्याला पुढे उतार दिलेला असतो. खाली येणाऱ्या गाडीची दिशा आणि उताराची दिशा जुळली, तर आघात विभागला जातो. उडी थोडी तोकडी पडली, तर सुमारे शंभर किलोची गाडी आणि तिच्यावरचा माणूस उताराच्या कडेवर किंवा सपाट जमिनीवर आदळतात. पास्त्रानाचा कोवळ्या वयातील अपघात नेमका असाच झाला होता.

या खेळातील मोठा बदल घडविला तो स्पंजाच्या ठोकळ्यांनी भरलेल्या खड्ड्याने. जिम्नॅस्टिकच्या सरावासाठी वापरली जाणारी ही सोय मोटारसायकलपटूंनी उचलली. रॅम्पवरून उडी घेऊन मातीऐवजी या खड्ड्यात पडायचे, क्रेनने गाडी बाहेर काढायची आणि पुन्हा तेच करायचे. कसरत अंगवळणी पडेपर्यंत हा क्रम चालतो. खड्डाही अगदी निर्धोक नसतो. गाडी अंगावर येऊ शकते, तापलेल्या इंजिनामुळे स्पंज पेट घेऊ शकतो. तरीही मातीवरच्या पहिल्या प्रयत्नापूर्वी चुका करण्याची मुभा तेथेच मिळते. पास्त्रानाने मेरीलँडमधील आपल्या घराच्या आवारातच रॅम्प, खड्डे आणि मातीचे मार्ग उभारले. चाहत्यांनी त्या जागेला ‘पास्त्रानालँड’ असे नाव दिले.

४ ऑगस्ट २००६

एकविसावे शतक उजाडले तेव्हा मोठ्या मोटारसायकलवर एक पूर्ण उलटी कोलांटी हेच स्वप्न होते. २००० साली कॅरी हार्टने स्पर्धेत ती घेण्याचा प्रयत्न केला. २००२ मध्ये ती साधली आणि त्याच वर्षीच्या एक्स गेम्समध्ये माइक मेट्झगरने लागोपाठच्या दोन उड्यांत दोन कोलांट्या घेऊन दाखविल्या. काही वर्षांतच ही करामत आघाडीच्या खेळाडूंसाठी नेहमीची झाली. मग एकाच उडीत दोन कोलांट्या शक्य आहेत का, हा प्रश्न पुढे आला.

४ ऑगस्ट २००६ रोजी लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये एक्स गेम्समधील ‘सर्वोत्तम कसरत’ हा विभाग होता. पास्त्राना रॅम्पकडे निघाला, गाडी हवेत सुटली, एकदा उलटी फिरली, दुसऱ्यांदा फिरली आणि दोन्ही चाकांवर उतरली. पंचांनी ९८.६० गुण दिले. सभागृह उभे राहिले. स्पर्धेत अशी दुहेरी कोलांटी यापूर्वी कोणीही यशस्वी केली नव्हती.

एका कोलांटीत अंदाज चुकला, तर चालकाला गाडी हवेतच सोडून दूर होण्याची थोडी तरी संधी असते. दोन कोलांट्यांत ती जवळजवळ नसते. दुसरी गिरकी अर्धवट राहिली, तर माणूस डोक्यावर येतो आणि गाडी त्याच्यावर. म्हणूनच खड्ड्यात अनेकदा जमलेली ही कसरत मातीवर करण्याचा निर्णय हाच खरा कठीण भाग होता.

त्याच स्पर्धेत पास्त्रानाने फ्रीस्टाइलचे आणि मोटारींच्या रॅलीचेही सुवर्ण जिंकले. रॅलीत त्याच्यासमोर १९९५चा जगज्जेता कॉलिन मॅकरे होता. अखेरच्या टप्प्यात मॅकरेची मोटार उलटली. ती पुन्हा चाकांवर आली आणि त्याने शर्यत पूर्णही केली, पण थोडक्या फरकाने विजय पास्त्रानाच्या पदरात पडला.

सोबत्यांचे मृत्यू

दुहेरी कोलांटीने फ्रीस्टाइलची पट्टी वर नेली. मग इतरांना ती गाठणे भाग पडले. पुढच्या वर्षांत पुढच्या दिशेची कोलांटी, गाडी हवेत फिरवून पुन्हा पकडणे अशा करामती आल्या. २८ एप्रिल २०१५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या जॉश शीहानने तिहेरी उलटी कोलांटी पूर्ण केली. त्याने त्यासाठी जागा निवडली ती पास्त्रानालँडचीच.

या चढाओढीत जीवही गेले. २००८च्या एक्स गेम्समध्ये फ्रीस्टाइलचे सुवर्ण मिळविणारा जेरेमी लस्क फेब्रुवारी २००९ मध्ये कोस्टा रिकातील स्पर्धेत कोलांटी घेताना पडला. डोक्याला झालेल्या दुखापतीने काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०११ मध्ये टेक्सासमध्ये प्रात्यक्षिकापूर्वीच्या सरावात जिम मॅकनील मरण पावला. ही नवखी मुले नव्हती. त्यांच्याकडे वर्षांचा सराव होता, उत्तम साधने होती, जागेवर वैद्यकीय पथक होते. तरीही एक चूक पुरली.

पास्त्रानाच्या स्वतःच्या शरीराचा हिशेबही मोठा आहे. कणा, गुडघे, मनगटे, खांदे, घोटे यांवर त्याच्या असंख्य शस्त्रक्रिया झाल्या आणि मेंदूला अनेकदा मार बसला. २८ जुलै २०११ रोजी एक्स गेम्समध्ये नवी कसरत करताना त्याचा पाय आणि घोटा मोडला. दोनच दिवसांनी तो नॅसकार या अमेरिकी मोटारशर्यतीत पदार्पण करणार होता. अनेक महिन्यांची तयारी, संघ आणि पुरस्कर्ते हे सारे खोळंबले. हे पदार्पण पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये झाले. दोन खेळांमधील ओढाताणीचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

चार चाकांवर

मोटारसायकलवरून उतरलेला पास्त्राना मोटारीत अधिक स्थिरावला. सुबारू संघाकडून त्याने २००६ ते २००९ अशी सलग चार वर्षे ‘रॅली अमेरिका’ मालिकेचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. २०२१ मध्ये ‘अमेरिकन रॅली असोसिएशन’च्या मालिकेत तो पुन्हा राष्ट्रीय विजेता ठरला. रॅलीत चालकाशेजारी मार्गदर्शक बसलेला असतो आणि तो पुढच्या वळणाची सूचना वाचून दाखवितो. कोठे जोर लावायचा आणि कोठे हात आखडायचा, याचा निर्णय आधीच वहीत लिहिलेला असतो. शर्यतीत हात आखडता घेणे ज्याला जमले नव्हते, त्याला या शिस्तीत सर्वाधिक सातत्यपूर्ण यश लाभले, ही बाब लक्षणीय आहे.

नॅसकारमध्ये मात्र त्याला तसे यश आले नाही. २०१३ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीच्या मालिकेत पूर्ण हंगाम खेळला. टॅलाडेगाच्या शर्यतीत त्याने सर्वांत पुढून सुरुवात करण्याचा मान मिळविला, पण हंगामाअखेर तो चौदाव्या स्थानावर राहिला आणि एकही शर्यत न जिंकता त्याने पूर्णवेळ सहभाग थांबविला. दहा वर्षांनंतर, फेब्रुवारी २०२३ मध्ये, त्याने प्रतिष्ठेच्या ‘डेटोना ५००’ शर्यतीत अकरावा क्रमांक मिळविला.

दरम्यान ‘नायट्रो सर्कस’ या नावाने त्याने आणि त्याच्या मित्रांनी कसरतींचे चित्रण सुरू केले होते. २००९ मध्ये एमटीव्हीवर त्याची मालिका झाली आणि नंतर त्याचे जाहीर प्रयोग देशोदेशी होऊ लागले. आपल्याकडे जत्रेतील मौत का कुआँ पाहायला जी गर्दी लोटते, तिचीच ही आधुनिक, मोठ्या भांडवलाची आवृत्ती म्हणता येईल. फरक इतकाच, की येथे प्रत्येक प्रयोगामागे अभियंते, सरावाची जागा आणि विमा असतो.

८ जुलै २०१८ रोजी लास वेगासमध्ये पास्त्रानाने एव्हेल नीव्हेल या जुन्या पिढीतील साहसवीराला मानवंदना म्हणून एकाच संध्याकाळी तीन उड्या मारल्या. पहिली ५२ मोटारींवरून, दुसरी १६ बसगाड्यांवरून आणि तिसरी सीझर्स पॅलेस हॉटेलच्या कारंज्यावरून. याच कारंज्यावरून ३१ डिसेंबर १९६७ रोजी उडी घेताना नीव्हेल कोसळला होता आणि त्याच्या कमरेची व मांडीची हाडे चुरडली होती. पास्त्रानाने हलक्या मोटोक्रॉस गाडीऐवजी नीव्हेलच्या काळाशी मिळतीजुळती जड गाडी निवडली होती. तिचे नावही योगायोगाने ‘इंडियन’ असे होते. तिन्ही उड्या सुखरूप पार पडल्या.

चार वर्षांनी, २०२२च्या जानेवारीत, फ्लोरिडात उंच इमारतीवरून पॅराशूटने उडी घेताना त्याच्या कमरेचे हाड पुन्हा मोडले. वय अडतीस होते. नशीब प्रत्येक वेळी सारखे साथ देत नाही, याची ही आठवण होती.

आपल्याकडे काय?

भारतात फ्रीस्टाइल मोटोक्रॉस अजून प्रात्यक्षिकांपुरताच आहे. मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉसच्या शर्यती मात्र अनेक वर्षे होत आहेत आणि महाराष्ट्रात पुणे हे त्यांचे महत्त्वाचे केंद्र आहे. परदेशी खेळाडूंचा सहभाग असलेल्या इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यातच झाली. बंगळुरूचा सी. एस. संतोष याच खेळातून घडला. राष्ट्रीय मोटोक्रॉस व सुपरक्रॉस गाजवून तो वाळवंटी शर्यतींकडे वळला आणि २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय मोटारसायकलपटू ठरला. त्याचा क्रमांक ३६वा होता. जानेवारी २०२१ मध्ये सौदी अरेबियात याच रॅलीत तो पडला. डोक्याला मार बसल्याने डॉक्टरांना त्याला काही दिवस औषधांच्या साहाय्याने बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले. तो त्यातून बाहेर आला. अपघातानंतर तातडीने पोहोचलेले वैद्यकीय पथक आणि हेलिकॉप्टर हे त्या स्पर्धेच्या व्यवस्थेचा भाग होते.

देशात मोटारशर्यतींचे नियमन ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया’ ही संस्था करते. अधिकृत स्पर्धेत उतरण्यासाठी तिचा परवाना लागतो. हेल्मेट, छाती-पाठीचे कवच, मानेचा आधार आणि गुडघ्यापर्यंतचे बूट यांशिवाय मार्गावर जाता येत नाही. मुलांसाठी लहान गाड्यांचे गट असतात. म्हणजे हौस असलेल्या तरुणाला रस्ता सोडून दुसरी जागा नाही, हे म्हणणे पूर्णपणे खरे नाही. ती जागा महाग आहे, दूर आहे आणि मुंबई परिसरात सहज उपलब्ध नाही, हे मात्र खरे.

सार्वजनिक रस्त्यावरच्या कसरतींना कायदा खेळ मानत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनुसार, धोकादायक पद्धतीने वाहन चालविल्यास कलम १८४ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. शासनाच्या लेखी परवानगीविना रस्त्यावर शर्यत लावल्यास कलम १८९ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा पुन्हा केल्यास दोन्ही कलमांत शिक्षा वाढते. चालक अल्पवयीन असेल, तर कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. मुलाच्या हट्टापायी गाडीची किल्ली देणाऱ्या अनेक घरांत ही तरतूद ठाऊक नसते.

दंडाहून मोठा फरक वेगळाच आहे. पास्त्राना ज्या रॅम्पवरून उडाला त्याचे माप ठरलेले होते, उताराची माती मऊ केलेली होती आणि समोरून कोणी येत नव्हते. चूक झाली तर ती त्याची एकट्याची होती. महामार्गावर चाक उचलणाऱ्याच्या समोर डांबराचा कठीण रस्ता असतो, अंधारातला खड्डा असतो, उलट दिशेने येणारी रिक्षा किंवा कामावरून परतणारा पादचारी असतो. स्पंजाचा खड्डा, सराव, कवच, वैद्यकीय पथक यांतील काहीही तेथे नसते. एवढे सारे असूनही पास्त्रानाची शर्यतीतील कारकीर्द विशीत संपली आणि त्याचे दोन समकालीन प्राणास मुकले. मोबाइलवरील त्या दोन-अडीच सेकंदांच्या चित्रफितीसोबत ही माहितीही घरोघरी पोहोचायला हवी.